‘जेनेरिक’ : एका विशेषणाची कुळकथा

बंगळूर शहरातून दक्षिणेस होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, आनेकल तालुक्याच्या हद्दीत, बोम्मसंद्रा हे गाव आहे. गाव म्हणून त्याची ओळख आता फारशी उरलेली नाही. कारखान्यांची मोठी वसाहत म्हणूनच लोक त्यास ओळखतात. १० ऑगस्ट २०२५ रोजी बंगळूरच्या मेट्रो रेल्वेचा पिवळा मार्ग सुरू झाला, तेव्हा सुमारे १९ किलोमीटरच्या या मार्गाचे दक्षिणेकडील शेवटचे स्थानक बोम्मसंद्रा हेच ठरले.

या वसाहतीत दोन संस्था विशेष लक्ष वेधून घेतात. एक, चालू शतकाच्या आरंभी डॉक्टर देवी शेट्टी यांनी उभारलेले नारायण हृदयालय हे रुग्णालय. त्याच्या आवारात पुढे २००९ साली कर्करोगाचे रुग्णालयही सुरू झाले. दुसरी, बायोकॉन ही औषधे निर्माण करणारी कंपनी. तिची स्थापना किरण मजुमदार यांनी १९७८ साली बंगळुरात केली आणि तिचा विस्तीर्ण कारखाना बोम्मसंद्रा-जिगणी रस्त्यावर आहे. औषध घडवणारे हात आणि औषधासाठी पुढे येणारे हात असे एकाच परिसरात नांदतात. या दोहोंना जोडणारे एक इंग्रजी विशेषण आहे. ते आज डॉक्टरांच्या चिठ्ठीत, औषधाच्या दुकानात, न्यायालयाच्या निकालपत्रात आणि मराठी वृत्तपत्रांतही नित्य आढळते. ते विशेषण म्हणजे ‘जेनेरिक’.

शब्द रोजच्या वापरातला आहे. परंतु त्याचा अर्थ विचारला तर उत्तरे निरनिराळी मिळतात. कोणी ‘स्वस्त’ म्हणतो, कोणी ‘सरकारी’, कोणी ‘हलक्या प्रतीचे’, तर कोणी आवाज खाली आणून ‘नकली’ असेही म्हणतो. यांपैकी एकही अर्थ बरोबर नाही. शब्दाच्या अशा गैरसमजाची किंमत पुष्कळदा रुग्णालाच मोजावी लागते, आणि म्हणून या विशेषणाचे कूळ शोधणे हे निव्वळ व्युत्पत्तीचे कुतूहल राहत नाही.

गावाच्या नावातील धडा

‘जेनेरिक’चा मूळ अर्थ समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही, बोम्मसंद्रा हे नावच त्यासाठी पुरेसे आहे. कन्नडमधील ‘बोम्म’ हे ‘ब्रह्म’ या शब्दाचे रूप होय; आणि ‘संद्र’ हे ‘समुद्र’चे झिजलेले रूप मानले जाते. येथे समुद्र म्हणजे सागर नव्हे, तर पावसाचे पाणी बांध घालून अडवलेला मोठा तलाव. पठारी प्रदेशातील शेती अशा तलावांवरच पोसली गेली. म्हणूनच बंगळूरच्या आसमंतात सिंगसंद्रा, थानिसंद्रा अशी नावे जागोजाग भेटतात.

स्थलनामांचा अभ्यास करणारे विद्वान अशा नावाचे दोन भाग पाडतात. ‘संद्र’ हा भाग त्या ठिकाणाचा प्रकार सांगतो. ‘बोम्म’ हा भाग त्या प्रकारातले नेमके कोणते ते सांगतो. मराठीतील ‘वाडी’, ‘गाव’, ‘पूर’ हे पहिल्या प्रकारचे घटक होत. इंग्रजी परिभाषेत या पहिल्या भागास जेनेरिक म्हणतात. हाच या विशेषणाचा गाभा होय : एका वस्तूचे नव्हे, तर त्या वस्तूच्या सबंध वर्गाचे, जातीचे, प्रकाराचे असे जे काही, ते जेनेरिक.

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला हा भेद दुसऱ्या नावाने ठाऊक आहे. ‘नदी’ हे सामान्यनाम, ‘गोदावरी’ हे विशेषनाम. ‘जेनेरिक नाव’ या शब्दप्रयोगाला ‘सामान्यनाम’ याहून नेमका प्रतिशब्द सापडणे कठीण आहे. आपल्याकडील विचारवंतांनी तर या प्रश्नाचा फार पूर्वी सूक्ष्म ऊहापोह केला होता. वैशेषिक दर्शनाने ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ यांना स्वतंत्र पदार्थांचे स्थान दिले. आणि शब्दाने जातीचा बोध होतो की व्यक्तीचा, या प्रश्नावर प्राचीन वैयाकरणांत दोन पक्ष पडले होते.

एकाच मुळाच्या शाखा

‘जेनेरिक’ हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात आला. त्याचा उगम लॅटिनमधील ‘गेनुस’ या नामात आहे. गेनुस म्हणजे कूळ, वंश, प्रकार. या नामाची षष्ठी ‘गेनेरिस’ अशी होते, आणि त्या ‘गेनेर’ या अंगाला ‘इक’ प्रत्यय लागून हे विशेषण सिद्ध झाले. ग्रीक भाषेत याच अर्थाचा शब्द ‘गेनोस’, त्याची षष्ठी ‘गेनेओस’. संस्कृतात ‘जनस्’, षष्ठी ‘जनसः’.

ही तीन रूपे शेजारी शेजारी ठेवली की एक विलक्षण गोष्ट दिसू लागते. संस्कृतातला ‘स’ आपल्या जागी टिकून आहे. ग्रीकमध्ये तो दोन स्वरांमध्ये सापडून लोप पावला. लॅटिनमध्ये त्याच जागी त्याचा ‘र’ झाला. ‘जेनेरिक’ या शब्दातला ‘र’ कोठून आला याचे उत्तर अशा रीतीने संस्कृतच्या साहाय्यानेच मिळते. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या सगोत्रतेचा विचार मांडला, आणि पुढील शतकात तौलनिक भाषाशास्त्राची इमारत अशाच उदाहरणांवर उभी राहिली. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या भाषाशास्त्रावरील ग्रंथात संस्कृतचे महत्त्व पटवून देण्यासाठी नेमके हेच उदाहरण घेतले आहे.

मूळ धातू ‘जन्’, म्हणजे जन्म देणे, उत्पन्न होणे. मराठीतील जन, जन्म, जनक, जननी, प्रजा आणि जाती हे सगळे शब्द त्याच्याच पोटातले. युरोपातही या कुळाचा विस्तार तितकाच मोठा आहे. लॅटिनमधून ‘जनरल’, ‘जनरेशन’ व ‘जेंडर’ हे शब्द आले. ग्रीकच्या द्वारे ‘जीन’ व ‘जेनेटिक’ हे विज्ञानाचे शब्द घडले. आणि इंग्रजीच्या स्वतःच्या जर्मानिक शाखेत मूळ ‘ग’चा ‘क’ होऊन ‘किन’, म्हणजे नातलग, आणि ‘काइंड’, म्हणजे प्रकार, हे शब्द तयार झाले.

या भावंडांपैकी एकाचे दैव मात्र फार वेगळे निघाले. ‘जनरस’ या विशेषणाचा मूळ अर्थ ‘चांगल्या कुळात जन्मलेला’. कुलीनाच्या अंगी औदार्य असावे या समजुतीने त्याचा अर्थ ‘उदार’ असा झाला. मराठीत ‘जातिवंत’ या शब्दाला जशी प्रतिष्ठा लाभली, तशीच ती ‘जनरस’लाही लाभली. त्याच कुळातला ‘जेनेरिक’ मात्र पुढे उलट दिशेने गेला.

तर्कशास्त्रातून वनस्पतिशास्त्राकडे

पहिल्या काळात ‘जेनेरिक’ हा विद्वानांच्या मंडळीतला शब्द होता. ॲरिस्टॉटलने वस्तूंची व्याख्या करताना मोठा वर्ग आणि त्यातील पोटवर्ग असा भेद केला होता. लॅटिन ग्रंथकारांनी मोठ्या वर्गासाठी ‘गेनुस’ हा शब्द रूढ केला. अठराव्या शतकात स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस यांनी त्याला नवे कार्य दिले. १७५३ सालच्या आपल्या वनस्पतिविषयक ग्रंथात त्यांनी प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत सर्रास वापरली. आंब्याचे शास्त्रीय नाव ‘मँजिफेरा इंडिका’. यातील पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजेच जेनेरिक. दुसरा त्या प्रजातीतील विशिष्ट जातीचा.

या दीर्घ काळात ‘जेनेरिक’ या शब्दाला कमीपणाचा वास कोठेही नव्हता.

औषधाची तीन नावे

औषधांच्या क्षेत्रात हे विशेषण विसाव्या शतकाच्या मध्यास स्थिरावले. कोणत्याही आधुनिक औषधाला साधारणतः तीन नावे असतात. पहिले रासायनिक नाव. ते रेणूची घडण तंतोतंत सांगते, परंतु इतके लांबलचक असते की रसायनतज्ज्ञाखेरीज कोणी ते उच्चारीत नाही. दुसरे सामान्यनाम, ते जगभर कोणालाही वापरता येते. तिसरे व्यापारी नाव. ते एका कंपनीच्या मालकीचे असते. ‘पॅरासिटामॉल’ हे सामान्यनाम. ‘क्रोसिन’ आणि ‘कॅल्पॉल’ ही व्यापारी नावे. गोळीतील गुणकारी द्रव्य एकच, पण ती ज्या कारखान्यातून निघते त्याप्रमाणे तिचे तिसरे नाव बदलते.

दुसऱ्या प्रकारच्या नावांत जगभर एकवाक्यता असावी, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली एक योजना हाती घेतली आणि १९५३ मध्ये अशा नावांची पहिली यादी प्रसिद्ध केली. ही नावे मनास येईल तशी दिली जात नाहीत. एका गटातील औषधांच्या नावांचा शेवट सारखा ठेवण्याची प्रथा आहे. ‘सिलिन’ने संपणारी नावे पेनिसिलिनच्या कुळातली, ‘स्टॅटिन’ने संपणारी कोलेस्टेरॉल उतरवणारी, आणि ‘ओलॉल’ने संपणारी बहुधा हृदयाची गती व रक्तदाब कमी करणारी. म्हणजे औषधाच्या नावातच त्याचे आडनाव असते, आणि जाणत्यास त्यावरून त्याचे कूळ ओळखता येते. व्यापारी नावावरून असे काहीच कळत नाही.

व्यापारी नावही कधी कधी आपली मालकी गमावून सामान्यनाम होते. महाराष्ट्रात एकेकाळी कोणत्याही वनस्पती तुपास ‘डालडा’ म्हणत. आणि छायाप्रत काढणे याला आजही ‘झेरॉक्स काढणे’ असेच म्हणतात. ‘ॲस्पिरिन’ हे बायर या जर्मन कंपनीचे व्यापारी नाव होते. १९२१ साली अमेरिकेतील न्यायालयाने ते लोकांच्या तोंडी औषधाचेच नाव झाले आहे असा निर्णय दिला. अशा नावालाही कायद्याच्या भाषेत ‘जेनेरिक झालेले’ असेच म्हणतात. मालकाला हा तोटा वाटतो. भाषेच्या दृष्टीने मात्र तो शब्दाचा लोकांत झालेला प्रवेश होय.

एकस्वाचा कायदा आणि भारत

नवे औषध शोधणाऱ्यास ठराविक मुदतीपुरता एकाधिकार मिळतो. त्यास एकस्व किंवा पेटंट म्हणतात. ही मुदत संपली की तेच द्रव्य अन्य कारखानेही बनवू शकतात, आणि त्यांनी बनवलेले औषध ते जेनेरिक औषध. संशोधनाचा खर्च त्यांच्यावर नसतो आणि स्पर्धकही अनेक असतात. म्हणून किंमत उतरते. स्वस्तपणा हा जेनेरिक असण्याचा परिणाम होय, अर्थ नव्हे.

भारतात या विषयाला विशेष इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतरही इंग्रजी अमदानीतला १९११ चा एकस्व कायदा चालू होता आणि देशात औषधे महाग होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली दिलेल्या अहवालाच्या आधारे १९७० चा नवा कायदा झाला आणि तो १९७२ साली अंमलात आला. त्यानुसार औषधाच्या द्रव्यावर एकस्व मिळेनासे झाले. ते केवळ तयार करण्याच्या प्रक्रियेवर मिळे. तेच द्रव्य निराळ्या मार्गाने बनवण्यास भारतीय रसायनतज्ज्ञ मोकळे झाले. पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी उपक्रमाने, आणि मुंबईत १९३५ साली स्थापन झालेल्या सिप्लासारख्या खाजगी कंपन्यांनी या उद्योगाचा पाया आधीच घातला होता. १९७५ साली जयसुखलाल हाथी यांच्या समितीने तर व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने काढून टाकून औषधे सामान्यनामानेच विकावीत, अशी शिफारस केली.

या धोरणाचे फळ जगाला २००१ साली दिसले. एड्सवरील तीन औषधांच्या एकत्रित उपचारास तेव्हा पाश्चात्त्य देशांत एका रुग्णामागे वर्षास १० हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. सिप्लाने तीच औषधे सेवाभावी संस्थेस वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. आफ्रिकेतील असंख्य रुग्णांच्या दृष्टीने ‘जेनेरिक’ या विशेषणाचा अर्थ त्या दिवसापासून ‘आवाक्यातले’ असा झाला.

जागतिक व्यापार करारानुसार १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधांच्या द्रव्यावर पुन्हा एकस्व मिळू लागले. मात्र परिणामकारकता वाढत नसेल, तर जुन्या द्रव्याच्या नुसत्या नव्या रूपास एकस्व मिळू नये, असे कलम कायद्यात घालण्यात आले. रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब या औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी हे कलम उचलून धरले.

अर्थाची घसरण

इतके उपकार करूनही या विशेषणाचा मान का उतरला? एक कारण बाजारात सापडते. १९७६ साली फ्रान्समधील कारफूर या दुकानांच्या साखळीने कोणतेही व्यापारी नाव नसलेला किराणा माल विक्रीस ठेवला, आणि पाठोपाठ अमेरिकेतही साध्या वेष्टनावर केवळ ‘साखर’, ‘साबण’ एवढेच छापलेला माल येऊ लागला. तो स्वस्त होता, पण दिसायला नीरस होता. त्यातून इंग्रजीत ‘जेनेरिक’ म्हणजे ‘स्वतःचे वैशिष्ट्य नसलेले, बेताचे’ असा अर्थ रूढ झाला. आज एखाद्या कथेला किंवा चित्रपटाला जेनेरिक म्हणणे ही निंदाच ठरते.

मराठीतील ‘सामान्य’ या शब्दाची वाट याहून निराळी नाही. ‘सर्वांना समान असलेले’ हा त्याचा मूळ अर्थ. परंतु ‘सामान्य प्रतीचे’ असे म्हणताच ऐकणारा नाक मुरडतो. जे सर्वांचे ते हलके, ही समजूत दोन्ही भाषांत सारखीच दिसते. माल ओळखण्यासाठी झळकणाऱ्या नावाची सवय लागली की नाव नसलेल्या वस्तूचा संशय येऊ लागतो.

भारतात या गोंधळात आणखी भर पडली. येथे विकली जाणारी बहुसंख्य औषधे एकस्वमुक्तच आहेत. म्हणजे शास्त्रशुद्ध अर्थाने ती सगळी जेनेरिक आहेत. तरीही प्रत्येक कंपनी आपल्या मालास वेगळे नाव देते. अशा औषधांना ‘ब्रँडेड जेनेरिक’ म्हणतात. ‘विशेषनाम असलेले सामान्यनाम’ असा हा वदतोव्याघात होय. ज्या औषधाला ग्राहक ‘कंपनीचे’ म्हणून विश्वासाने घेतो, तेही पुष्कळदा जेनेरिकच असते. फरक वेष्टनावरील नावाचा आणि किमतीचा असतो.

नकली या शब्दाशी तर त्याचा काही संबंध नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात बनावट, भेसळयुक्त आणि प्रमाणित दर्जाची नसलेली, अशा सदोष औषधांचे प्रकार सांगितले आहेत. हे दोष व्यापारी नावाच्या औषधातही असू शकतात आणि बिननावाच्याही. मूळ औषध आणि त्याचे जेनेरिक रूप शरीरात सारखेच शोषले जाते की नाही, हे पाहण्याची कसोटी आहे. निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही देऊन रक्तातील औषधाचे प्रमाण मोजतात. दोहोंच्या गुणोत्तराचा सांख्यिकीय पट्टा ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो. अपस्मारावरील किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या काही औषधांच्या बाबतीत मात्रेतील अल्प फरकही महत्त्वाचा असतो. तेव्हा अशी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बदलू नयेत हे खरे. दर्जाची शंका असेल तर तपासणी कडक व्हावी, ही मागणी योग्य आहे. परंतु तो दोष विशेषणाच्या माथी मारणे योग्य नव्हे.

जेथे ‘जेनेरिक’ अपुरे पडते

शेवटी पुन्हा बोम्मसंद्र्याकडे वळावे लागते, कारण या विशेषणाची मर्यादाही तेथेच स्पष्ट होते. ॲस्पिरिनचा एक रेणू २१ अणूंचा. तो कोणत्याही कारखान्यात बनवला तरी अगदी तोच असतो. इन्सुलिनचा रेणू मात्र ५१ अमिनो आम्लांच्या साखळ्यांचा, सुमारे ८०० अणूंचा. आणि स्तनाच्या कर्करोगावरील ट्रॅस्टुझुमॅब या प्रतिपिंडात वीस हजारांच्या आसपास अणू असतात. असे रेणू भांड्यात रसायने मिसळून बनत नाहीत. ते सजीव पेशींकडून घडवून घ्यावे लागतात. बायोकॉनने २००४ साली बाजारात आणलेले मानवी इन्सुलिन यीस्टच्या पेशींत तयार केलेले होते. या कंपनीचा आरंभ पपईपासून काढलेल्या पाचक द्रव्यासारख्या पदार्थांनी झाला होता. सजीवांकडून रसायन मिळवण्याची तीच विद्या पुढे इन्सुलिनपर्यंत पोहोचली.

सजीव पेशीचे काम कुंभाराच्या हातासारखे असते. दोन घडे एकाच मातीचे, एकाच मापाचे असले तरी तंतोतंत एक नसतात. म्हणून अशा औषधाच्या दुसऱ्या आवृत्तीस ‘जेनेरिक’ म्हणता येत नाही. तिच्यासाठी ‘बायोसिमिलर’, म्हणजे ‘जैवसदृश’, हा शब्द घडवावा लागला. त्यातील ‘सिमिलर’ हेही लॅटिन विशेषण संस्कृत ‘सम’ या शब्दाचे सगोत्रच आहे. भारताने अशा औषधांसाठी २०१२ साली स्वतंत्र मार्गदर्शक नियम केले. बायोकॉन आणि मायलन यांच्या जैवसदृश ट्रॅस्टुझुमॅबला १ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली; त्या औषधाची अशी ती तेथील पहिलीच आवृत्ती होती. ‘तेच’ आणि ‘तसेच’ यांतील अंतर भाषेने येथे प्रामाणिकपणे जपले आहे.

२००८ साली केंद्र शासनाने सामान्यनामाने औषधे विकणारी दुकाने सुरू केली, आणि २०२५ पर्यंत त्यांची संख्या १५ हजारांवर गेली. शासनाच्या म्हणण्यानुसार तेथील औषधे बाजारभावापेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. या योजनेस ‘जनऔषधी’ असे नाव आहे. ते देणाऱ्यांच्या मनात लोकांचे औषध एवढाच अर्थ असावा. परंतु ‘जन’ आणि ‘जेनेरिक’ हे शब्द एकाच धातूपासून निघालेले आहेत. हजारो वर्षांपूर्वी विभक्त झालेली एका घरची दोन माणसे औषधाच्या दुकानाच्या पाटीवर पुन्हा एकत्र आली आहेत. पाटी वाचून आत जाणाऱ्याने ‘हलक्या प्रतीचे औषध मिळेल का’ असे संकोचाने विचारण्याचे कारण नाही. ‘या जातीचे औषध द्या’ एवढेच त्याने म्हणावे. कारण ‘जेनेरिक’ या विशेषणाचा अर्थ तेवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.